पॉइंट बत्तीसचा भाव

कापसाचा भाव करायला यवतमाळात कुणाला शिकवावं लागत नाही. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब येतो आणि तुटताना कसा तुटतो ते बघायचं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता आकडा सांगायचा. माझ्या थोरल्या मामांची बोटं या कामात पक्की होती. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात त्यांचा शब्द चाले. मामा गेले आणि मागे जे राहिलं त्यात एक वस्तू अशी निघाली, की तिचा भाव करायला घरातल्या कुणाचीच बोटं कामाची नव्हती. वेब्ली अँड स्कॉटचं पॉइंट बत्तीसचं पिस्तूल. बर्मिंगहॅमची बनावट, आठ गोळ्यांचं मॅगझिन, मागे उघडा घोडा, मुठीला दोन्ही बाजूंनी कडक काळं रबर.

तेरवी झाल्यावर मामेभावानं मला बाजूला घेतलं. "दादा, याचे किती येतीन?"

प्रश्नात हाव नव्हती. बोंडअळीनं ज्याचे हंगाम खाल्ले तो शेतकरी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे एकदा तरी असा बघतो. मी जन्मभर दिवाणी कोर्टात वकिली केली. मला वस्तू आधी दिसत नाही, तिचा कागद दिसतो. मी विचारलं, परवाना कुठाय?

पिस्तूल तोवर घरात नव्हतंच, हे आधी सांगायला हवं. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे. तो माणूस गेला की हत्यार जवळ बाळगण्याचा हक्क त्याच्याबरोबर जातो आणि ते पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं. आम्ही ते नागपूरच्या एका जुन्या दुकानात ठेवलं, पावती घेतली. ठाण्याच्या मालखान्यात ठेवलेल्या हत्यारावरून पावसाळे जातात आणि दोष कुणाचाच नसतो, एवढं मी वकिलीत पाहिलं होतं. २०१६च्या शस्त्र नियमांनी वारसाला परवान्यासाठी अर्ज करायची सोय ठेवली आहे. परवानाधारक जिवंत असतानाही, त्यानं सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, तर ते वारसाच्या नावे करता येतं. मामांनी सातबारा वेळेवर मुलाच्या नावे केला, पिस्तूल केलं नाही. आणि मुलाला ते नकोच होतं.

दुकानदार सत्तरीच्या पुढचा. काउंटरवर त्यानं जुनं फलाटीण पसरलं, पिस्तूल त्यावर ठेवलं आणि पहिल्यांदा मॅगझिन काढलं. मग वरची स्लाइड मागे ओढून धरली, आत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं, आणि आम्हा दोघांनाही आत बघायला लावलं. हे सगळं होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. "भाव नंतर, वकीलसाहेब. आधी रिकामं." त्याच दुकानात, त्यानंच जमा करून घेतलेलं पिस्तूल, तरी पुन्हा पाहिलं. या एका सवयीवरून मी त्याच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावर विश्वास टाकला.

त्याचं बघणं बघण्यासारखं होतं. आधी स्क्रू. मुठीवरच्या स्क्रूच्या खाचा त्यानं भिंगाखाली धरल्या. खाच पेचकसानं खाल्लेली असेल तर कुणीतरी अडाण्यानं हत्यार उघडलं होतं, आणि आत काय काय बदललं हे मग देवच जाणे. इथे खाचा सरळ होत्या. मग कडा. नव्या पिस्तुलावर निळसर काळी झाक असते, तिला हे लोक ब्लूइंग म्हणतात. चामडी म्यानात शिरताना-निघताना नळीच्या तोंडाशी आणि स्लाइडच्या कडांना ती झाक उडते आणि खालचं पोलाद चांदीसारखं उघडं पडतं. आम्हाला ते वाईट वाटलं. त्याला बरं वाटलं. "ही झीज खरी आहे. म्यानात राहिलेलं हत्यार असंच झिजतं. सगळीकडून सारखं काळंभोर असतं तर मी घेतलंच नसतं." कारण सारखं काळंभोर म्हणजे पुन्हा ब्लूइंग केलेलं, आणि त्याआधी घासलेलं. घासलं की कोपरे गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. कंपनीचं नाव, खालचं ७.६५ एमएम, बर्मिंगहॅमच्या चाचणीघरानं मारलेले मुकुटाचे बारीक ठसे. मामांच्या पिस्तुलावर हे सगळं नखाला लागत होतं.

नळी त्यानं खिडकीकडे धरली. आतल्या पिळाच्या कडा कशा आहेत, कुठे गंजाचे खड्डे आहेत का, हे त्यात दिसतं. जुनी काडतुसं गंज आणणारी असत. बार काढून नळी साफ न करता ठेवली की एका पावसाळ्यात ती आतून खरबरीत होई. ही नळी आरशासारखी होती. "चालवलेलंच नाही फारसं," तो म्हणाला, आणि मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. मामा कमरेला पिस्तूल लावून हिंडल्याच्या एवढ्या गोष्टी, आणि नळी म्हणते काहीच झालं नाही. उजव्या मुठीखाली या पिस्तुलात व्ही आकाराची एक मोठी कमान असते, तीच स्लाइडला परत ढकलते. ती तुटली तर बाजारात मिळत नाही, हातानं घडवावी लागते. कारखान्यानं या जातीची पिस्तुलं १९४०च्या सुमारास करणं थांबवलं. कमान शाबूत निघाली.

मग त्यानं डाव्या बाजूवर बोट ठेवलं. कंपनीच्या नावाच्या वर, स्लाइडच्या पोलादात, एकाखाली एक असे तीन उथळ खड्डे होते. बोटाच्या पेराएवढे.

"इथे काय लागलं होतं? रक्त?"

हे त्यानं इतक्या शांतपणे विचारलं की मामेभाऊ दचकला. रक्तही पोलाद असंच खातं म्हणे, लवकर पुसलं नाही तर. मग मामेभावाला हसू फुटलं. "खंडेनवमी, काका." दर वर्षी खंडेनवमीला विळे, कोयते, तिफण, ताजवा आणि वजनं, आणि सगळ्यात वर पिस्तूल, अशी पूजा मांडली जाई. मामी ओल्या हळदकुंकवाची बोटं उमटवीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत ते तसंच राही, पुसायचं कुणी? वर्षानुवर्षं त्याच जागी तीच बोटं.

दुकानदारानं मान हलवली. असं त्यानं खूप पाहिलं असणार, विदर्भात दुकान म्हटल्यावर. "घासून काढता येतं. वरून ब्लूइंग करून देतो, नवं दिसेल. ज्याला हत्याराची जाण नाही तो खूश होऊन जास्त देईल. जाणणारा मात्र एक पाऊल मागे सरेल." म्हणजे एकाच खड्ड्याचे दोन भाव होते, आणि ते घेणाऱ्याच्या अडाणीपणावर ठरत होते. वकील म्हणून मला हे नवीन नव्हतं.

मॅगझिन त्यानं शेवटी घेतलं. तोंडाच्या कडा बघितल्या, वाकलेल्या नव्हत्या. दुसरं मॅगझिन आहे का विचारलं, नव्हतं. असतं तर भाव चढला असता. मग उपडं करून त्यावर टिचकी मारली. फलाटिणीवर बारीक, पिवळट काहीतरी सांडलं. त्यानं चष्मा वर केला. आम्ही दोघं शेतकऱ्याच्या घरचे. ओळखायला वेळ लागला नाही. ज्वारीचा कोंडा.

पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये ज्वारीचा कोंडा कसा, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर त्यानं परवान्याची पुस्तिका मागितली, आणि इथे गाडी अडली. पिस्तुलावर कोरलेल्या नंबरात जिथे इंग्रजी तीन होता तिथे पुस्तिकेत आठ होता. जुनी पुस्तिका भरल्यावर कधीतरी नवी केली गेली. उतरवताना शाई पसरली असेल, घाई असेल. त्यानं दोन्ही समोरासमोर ठेवली आणि पिस्तूल अलगद माझ्याकडे सरकवलं. "आत्ता याची किंमत शून्य आहे."

मघापर्यंत जे पोलाद, जी नळी, ज्या कडा त्यानं वाखाणल्या, त्यांतलं काहीही बदललं नव्हतं. तरी त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या देशात पिस्तूल विकलं जात नाही, नंबर विकला जातो. लोखंड त्याच्याबरोबर येतं.

याला कारण आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारनं खासगी माणसानं परदेशी हत्यार आणण्याची वाट जवळजवळ बंद केली. त्याआधी विलायती पिस्तुलं जेवढी आली तेवढीच. त्यातली काही गंजतात, काही मालखान्यात जातात. नव्यानं भर पडत नाही. त्यात पुन्हा नऊ मिलिमीटर, थ्री नॉट थ्री असे बोअर साध्या नागरिकाला मना आहेत, ते फौजेचे आणि पोलिसांचे. उरतात बत्तीस, पंचवीस, बावीस. म्हणून जे पिस्तूल अमेरिकेतल्या जुन्या हत्यारांच्या दुकानात काही शे डॉलरला पडलेलं असतं, त्याच्यासाठी इथला माणूस लाखांत बोलतो. ब्राउनिंग, कोल्ट, वेब्ली, आणि जर्मन वॉल्थर पीपीके असेल तर मग विचारूच नका. आपल्या आयुध कारखान्यांचं अशनी पिस्तूल आहे, कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्वर आहे (तेही मुळात वेब्लीच्याच मार्क फोर घराण्यातलं), २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलेलं, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपासचं हलकं निर्भीक आहे. ती नवी असतात, दुरुस्त होतात, सुटे भाग मिळतात. तरी ज्याच्या हाती परवाना आला तो आधी विलायती शोधतो. गोळीही अशनीला आणि विलायती बत्तीसच्या पिस्तुलाला एकच लागते, बहुधा आपल्या खडकीच्या कारखान्याची. १८६९ पासूनचा तो कारखाना पुण्यात बसून जर्मन, बेल्जियन, इंग्रज असा भेद करत नाही.

२०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरवलं. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक काढावं लागलं, आणि काही जुन्या कपाटांची दारं त्या निमित्तानं उघडली. पण विलायतीचा भाव त्यानं खाली आला नाही, असं दुकानदार म्हणाला. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. घेणारा माणूस गोळी झाडायला घेतच नाही. ज्या दरवाज्याची कडी सरकारनं लावली त्याच्या आतली वस्तू आपल्याकडे आहे, याचे तो पैसे मोजतो.

नंबर एवढा का महत्त्वाचा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मामांच्या पिस्तुलाच्याच बोअरचं आहे. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, पाठोपाठ भगतसिंगांनी. भगतसिंगांचं बत्तीस बोअरचं कोल्ट पुढे फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतून १९६९ साली इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आलं आणि तिथल्या संग्रहालयात इतर हत्यारांत मिसळून गेलं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. शोध घेता घेता रंग खरवडला तेव्हा खालून नंबर निघाला: १६८८९६. कागदांतला नंबर तोच. मग ते पंजाबात हुसैनीवाला इथे गेलं आणि लोक त्याच्यासमोर हात जोडू लागले. रंग खरवडण्याच्या आदल्या दिवशी ते एक जुनं, रंग फासलेलं कोल्ट होतं. मधल्या रात्रीत त्याच्या पोलादात काय फरक पडला?

आणि उलट बाजूही आहे. ३० जानेवारी १९४८ला दिल्लीत गांधीहत्येत जे बेरेटा वापरलं गेलं त्याचाही नंबर नोंदलेला आहे, ६०६८२४. मराठी माणसानं तो आकडा विसरू नये असं मला वाटतं. पण त्याला भाव असावा, कुणी तो लावावा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. जुन्या हत्यारांच्या शौकिनांशी माझं इथे पटत नाही. त्यांच्या लेखी इतिहास चिकटला की किंमत वाढते, मग तो कुठलाही असो.

इतिहास चिकटवण्याची हौस तर घराघरात असते. आमच्याकडे पिढीजात गोष्ट अशी, की उमरखेडच्या बाजूला वाघाच्या शिकारीला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाला आजोबांनी पूर आलेल्या पैनगंगेतून बाहेर काढलं आणि त्यानं खूश होऊन हे पिस्तूल दिलं. दुकानदारानं ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. "प्रत्येक जुन्या पिस्तुलामागे एक साहेब असतो," तो म्हणाला. नाशिककडून कुणी जुनं ब्राउनिंग घेऊन आलं की ते हमखास लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या विसांतलंच असतं, ज्यांतल्या एकानं अनंत कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ला कलेक्टर जॅक्सनला मारलं. "साहेबाचा कागद आहे?" कागद नव्हता. "मग साहेब घरी ठेवा. मला आधीची पुस्तिका आणून द्या."

ती मामींच्या पेटीत निघाली. लग्नातल्या शालूच्या घडीत. पुस्तिकेबरोबर एक पावतीही निघाली, आणि साहेब तिथेच पुरात वाहून गेला. पावती १९५५ची, नागपूरच्या एका दुकानाची, वापरलेल्या पिस्तुलाच्या विक्रीची. गिऱ्हाइकाच्या जागी मामांचं नाव. माथ्यावर छापलेलं: नागपूर, मध्य प्रदेश.

मला ती पावती पिस्तुलापेक्षा मोलाची वाटली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर राजधानी होती. वर्षभरात राज्य बदललं, द्विभाषिक मुंबई आलं, मग १९६०ला महाराष्ट्र. परवाना दिला गेला तो १८७८च्या इंग्रजी कायद्याखाली, कारण आपला शस्त्र कायदा १९५९चा, आणि तो लागू झाला १९६२ला. पुस्तिकेच्या पानांवर हे सगळं शिक्क्यांतून उतरत गेलेलं. वरच्या शिक्क्यावरचं राज्य बदलतं, सही बदलते, खाली मामांचं नाव आणि नंबर तोच. मधून मधून 'निवडणुकीनिमित्त जमा' आणि 'परत'. प्रत्येक निवडणुकीत पिस्तूल ठाण्यात जाऊन आलं होतं. ज्या जिल्ह्यानं वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्रिपदावर बसवले, तिथल्या राजकारणाची कोंडी नि सुटका ओळीओळीनं वाचावी, अशी ती पुस्तिका. आणि पहिल्याच पानावर, अगदी स्वच्छ, इंग्रजी तीन.

साडेतीनशे रुपयांना घेतलं होतं. आकडा ऐकून मामी एवढंच म्हणाल्या, "लग्नाच्याच साली. तेवढ्यात माया पाटल्या झाल्या असत्या."

मामांना पिस्तूल लागलं कापसासाठी. आजोबांच्या काळापासून इजाऱ्याची जमीन, आणि त्यावर मामांनी उभा केलेला कापसाचा धंदा. त्या काळी सगळा व्यवहार रोखीचा. हंगामात नोटांची थैली घेऊन रात्री-अपरात्री बैलगाडीनं, पुढे जीपनं गावं पालथी घालायची. कमरेचं पिस्तूल लोकांना दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. लंडनच्या पोलिसांनी १९११ साली याच जातीचं पिस्तूल पत्करलं होतं. दारव्ह्याच्या रस्त्यावर त्यानं कुणाला अडवलं असेल तर न बोलता अडवलं. १९७२ला सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी आणली. कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर जाऊ लागला, खासगी खरेदी बंद पडली, पैसे पावत्यांवर आणि हप्त्यांत येऊ लागले. थैलीच उरली नाही तर राखायचं काय? पिस्तूल कपाटात गेलं ते खंडेनवमीपुरतं बाहेर येऊ लागलं. परवाना मात्र मामांनी एकदाही चुकवला नाही.

शेताला त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडचा खरा शत्रू रानडुक्कर, नाहीतर रोही. एका रात्रीत तुरीचा पट्टा लोळवतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. पिकाच्या राखणीसाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे, संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या बंदुकीचं आहे. पिस्तूल त्यात बसत नाही. बत्तीसची गोळी मस्तीतल्या डुकराला लागली तर ते चिडेल, एवढंच. गोळी झाडायची म्हटलं तरी वनखात्याची परवानगी हवी, आणि ती हातात येईपर्यंत तूर उरत नाही.

पिस्तुलाच्या बातम्या मात्र आमच्याकडे येतात. यवतमाळच्या स्थानिक पानावर हा शब्द दिसला तर तो बहुधा 'देशी कट्टा' असा दिसतो. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, बुऱ्हाणपूरकडचं पाचोरी, ही नावं पोलिसांच्या कारवायांत वारंवार येतात. तिथल्या हातांत कारागिरी कमी नाही. भट्टीवर केलेल्या कामाला विलायती ठसेसुद्धा मारून मिळतात. फक्त खरा नंबर मिळत नाही. दुकानदाराच्या भाषेत त्याची किंमत शून्य, आणि तरी ते विकलं जातं, कारण घेणाऱ्याला नेमकी तीच गोष्ट हवी असते: कुठल्याही वहीत नसणं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या कमरेला ते सापडतं. वकिलीत अशा पोरांच्या आया मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या पाहिल्या आहेत. त्यांना कुणी भाव विचारू नये.

नंबर दुरुस्त करून घ्यायला प्रतिज्ञापत्र, जुन्या पुस्तिकेची नक्कल, पोलिसांच्या आरमोररची तपासणी, पुन्हा अहवाल, असं करत पावसाळा गेला. त्या खेपांमध्ये एकदा मामींकडे जेवायला थांबलो आणि मॅगझिनमधल्या कोंड्याची गोष्ट निघाली. मी थट्टेनंच काढली.

मामी ताटात भाजी वाढत होत्या. वाढून झाली, मग बोलल्या. "मीच ठेवलं होतं. ज्वारीच्या कनगीत."

सन २००५, २००६. वऱ्हाडातली ती वर्षं आम्हा कुणाला वेगळी सांगावी लागत नाहीत. बी पाण्यात, सावकार दारात, आजूबाजूच्या गावांतून एकेक बातमी. २००६च्या जुलैत पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आमचा जिल्हा होता. मामा तेव्हा संध्याकाळी ओसरीवर बसत आणि बोलत नसत. मामींनी एका दुपारी कपाट उघडलं, मॅगझिन काढून घेतलं, कापडात गुंडाळून कणगीत खाली खुपसलं. काडतुसांची डबी माहेरच्या देवीच्या टाकांमागे. मामांनी त्या खंडेनवमीला पूजेसाठी पिस्तूल काढलं तेव्हा त्यांना कळलं असणार. त्यांनी विचारलं नाही.

"यायचं मन मले ठाव होतं," मामी म्हणाल्या. "पन मनाचा काय भरोसा, दादा?"

कायद्याच्या नजरेनं त्या कणगीबद्दल मला दोन-चार गोष्टी सांगता आल्या असत्या. मी भाकरी मोडली.

नागपूरला परतून मी दुकानदाराला म्हटलं, मॅगझिन साफ करू नका एवढ्यात. तो हसला, म्हणाला, तुमचा कोंडा त्याच दिवशी फुंकून टाकला, हत्यारात कचरा ठेवत नाहीत. बरोबरच होतं त्याचं. घासण्याचा प्रश्न मात्र मामेभावानं निकालात काढला. ब्लूइंग नको, खड्डे राहू द्या, त्यांना काय समजायचं ते समजू द्या. चालवण्याचा अनुभव नसलेल्या माणसानं घेतलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता, असं दुकानदार मला नंतर फोनवर म्हणाला.

घेणारा मिळाला तो वर्ध्याकडचा, परवानाधारक, वयानं मोठा, आणि जाणणारा. त्यानं स्क्रूच्या खाचा पाहिल्या, नळी पाहिली, पावतीवरचं 'मध्य प्रदेश' वाचून त्याचा चेहरा खुलला. पावतीसाठी त्यानं वरचे पैसे दिले, खरोखर. तीन खड्ड्यांवर अंगठा फिरवून त्यानं कशाचे म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर त्यासाठी काहीही कापलं नाही. किती आले तो आकडा मी लिहीत नाही. तालुका लहान आहे. नव्या अशनीच्या किमतीहून बराच वर होता. सौदा दुकानामार्फत झाल्यामुळे लिखापढी त्याच्याकडे. माणसानं माणसाला परस्पर विकायचं तर आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, ते वाचलं. जुनी काडतुसं कुणीच घेत नाही, ती रीतसर जमा झाली.

मामेभावानं त्या पैशातून शेताला सौर कुंपण घातलं. तारेतून थांबून थांबून झटका जातो. डुक्कर शिवलं की किंचाळून मागे पळतं. तूर त्या वर्षी उभी राहिली. मी गेलो तेव्हा मामी काठी टेकत बांधापर्यंत आल्या होत्या आणि तारेकडे लांबूनच बघत होत्या.

"याच्यानं मरते का रे डुक्कर?"

"नाई मामी. झटका लागते फक्त. पळून जाते."

"मंग बरं हाय," मामी म्हणाल्या, आणि मामेभावाला विचारू लागल्या की रात्री ढग असले तर ही बॅटरी चालते का, आणि किती वर्षं.